फवारणीने उसाचे रोग थांबत नाहीत

'उसावर दर पंधरा दिवसांनी कीटकनाशक मारा. किडी मेल्या की मोझॅक, गवताळ वाढ, काणी हे सगळे रोग थांबतील,' असा एक संदेश सगळीकडे फिरतो आहे. काही किडी रोग पसरवतात, एवढं त्यात खरं आहे. बाकीच्या दाव्यांमुळे शेतकऱ्याचा पैसा जातो आणि रोग शेतातच राहतो.

'उसाचा प्रत्येक रोग किडीमुळेच येतो.' नाही. काणी या बुरशीच्या रोगाचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. लाल कूज रोगट बेण्यातून, म्हणजे लागणीच्या कांड्यांतून, आणि शेतातून वाहणाऱ्या पाण्यातून पसरते. खोडवा, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस, खुरटवणारा जिवाणू कोयत्याच्या पात्यावरून एका बेटातून दुसऱ्यात जातो. इथे फवारायचं कशावर?

'मावा मारला की मोझॅक थांबतो.' सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मावा ही रस शोषणारी बारीक कीड मोझॅक पसरवते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रँडिस यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं. पण मोझॅकचा विषाणू माव्याच्या पोटात मुरत नाही, सोंडेच्या टोकाला चिकटून राहतो. रोगट पानात काही सेकंद सोंड खुपसली की तो लागतो आणि पुढच्या पानात तितक्याच झटपट उतरतो. औषधाने मावा मरेपर्यंत हे काम उरकलेलं असतं. शिवाय हा मावा बऱ्याचदा मक्यावर किंवा गवतावर वाढलेला असतो. उसावर तो नुसता टेकून पुढे जातो. १९२०च्या दशकात मोझॅकने अमेरिकेतल्या लुइझियानातला ऊस पार बसवला. तो सावरला जावा बेटावर तयार झालेल्या, मोझॅकला तोंड देणाऱ्या पीओजे वाणांमुळे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये १९७०च्या दशकात तुडतुड्यांनी फिजी हा उसाचा विषाणूजन्य रोग पसरवला, तेव्हाही एनसीओ ३१० हा बळी पडणारा वाण काढून प्रतिकारक वाण लावावे लागले.

पिवळ्या पानांच्या रोगाचा विषाणू वेगळा आहे. तो माव्याच्या शरीरात भिनतो आणि पसरायला वेळ घेतो, म्हणून तिथे मावा आटोक्यात ठेवण्याला अर्थ आहे.

'गवताळ वाढ दिसली की फवारा.' तुडतुडे हा रोग पसरवतात हे खरं, पण शेतात तो मुख्यतः बेण्यातून शिरतो आणि लागलेलं बेट फवारणीने बरं होत नाही. फिकट, बारीक फुटव्यांचा झुबका दिसला की बेट मुळासकट उपटून नष्ट करा. प्रादुर्भाव जास्त असेल तर खोडवा ठेवू नका. लागणीसाठी बेणं ५४ अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत ४ तास प्रक्रिया केलेलं घ्या. मोझॅकवर मात्र या उष्णतेचा भरवसा धरू नका. तिथे ऊती संवर्धनातून तयार केलेली निरोगी रोपं लागतात.

'पान काळं पडलं, म्हणजे लोकरी माव्याने रोग आणला.' ती काळी बुरशी माव्याच्या चिकट स्रावावर वाढते, पानाच्या आत शिरत नाही.

'जास्त फवारलं तर बिघडलं काय?' बिघडतं. लोकरी मावा खाणाऱ्या डिफाच्या अळ्या आणि मायक्रोमस मरतात, पायरिला या किडीवर जगणारा एपिरिकेनिया हा कीटकही मरतो. मग ज्या किडी हे मित्रकीटक फुकट आवरत होते, त्यांच्यासाठीही पंप पाठीवर घ्यावा लागतो.