वॉटर ब्रशची नळी अर्धी भरल्याने पाणी आवरत नाही

कागदी फुले आणि भेटकार्डे करणाऱ्यांमध्ये वॉटर ब्रशविषयी, म्हणजे ज्याच्या दांड्याच्या मऊ नळीत पाणी भरतात आणि ती दाबली की पाणी केसांत उतरते अशा ब्रशविषयी, एक सल्ला सतत फिरत असतो: नळी अर्धीच भरावी, काम करताना ती हलकेच दाबत राहावी आणि कागद जाड घ्यावा, म्हणजे पाणी ताब्यात राहते. सल्ला सद्‌हेतूने दिला जातो, यात शंका नाही. पण त्यापायी नवशिक्यांचे चांगले कागद वाया जातात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

नळीत पाणी कमी, म्हणजे हवा जास्त. मुठीच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि पाणी बाहेर ढकलते. आत 4 मिलिलिटर हवा असेल आणि ती 10 अंशांनी तापली, तर ती सुमारे 0.13 मिलिलिटरने वाढते. म्हणजे आपण न दाबताच दोन-तीन थेंब केसांकडे सरकतात, आणि पाकळीच्या कडेला एवढे पाणी फार झाले. शाई संपत आली की शाईचे पेन ओकू लागते, त्याचेही कारण हेच. भरलेल्या नळीत पाण्याच्या उंचीचा दाब किंचित अधिक असतो हे मान्य, परंतु ब्रश तिरपा धरला की तो फरक जाणवत नाही. म्हणून नळी काठोकाठ भरणेच योग्य.

दाबत राहण्याचा सल्ला मला अधिक घातक वाटतो. दाबलेले पाणी लगेच टोकाशी येत नाही. ते केसांच्या मुळाशी साचते आणि आपण बेसावध असताना एकदम उतरते. शिवाय दाब सोडताच नळी पूर्ववत होताना केसांतून हवा आत ओढते आणि तिच्याबरोबर रंगही जातो. झेंडूच्या कागदी पाकळीची कड शाईने रंगवून तो रंग आत ओढायचा असेल, तर ब्रश कागदापासून दूर नेऊन एकदाच दाबावा, केसांचे बूड जुन्या सुती फडक्यावर टेकवावे आणि मग टोक कडेवरून आत न्यावे. एवढ्या ओलाव्यात दोन-तीन पाकळ्या सहज होतात.

राहिला जाड कागद. पाणी किती शोषले जाईल हे जाडीपेक्षा कागदाला दिलेल्या खळीवर, म्हणजे पाणी मुरणे रोखणाऱ्या द्रव्यावर, अवलंबून असते: टीपकागद जाड असूनही थेंब क्षणात पितो, तर चांगली खळ असलेल्या पातळ कागदावर तोच थेंब काही काळ उभा राहतो. खरेदीपूर्वी कागदाच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकून पाहावा.