आयर्विन पुलाबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा आला की सांगलीच्या ग्रुपवर कृष्णा नदीवरच्या जुन्या दगडी आयर्विन पुलाबद्दल एक मेसेज हमखास फिरतो : ‘आयर्विन पूल इंग्रजांनी बांधला. मुदत संपल्याचं पत्र विलायतेच्या कंपनीने पाठवलंय. तरी पूल ठणठणीत, कारण जुन्या दगडी कामाला देखभाल लागतच नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. पण सुरुवातीपासून बघू.

इंग्रजांनी बांधला, हा समज नावामुळे झाला. १९२९ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते नाव पडलं. सांगली तेव्हा पटवर्धनांचं संस्थान होतं. राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत संस्थानाने हा पूल बांधून घेतला. श्रेय त्यांना द्यायला आपण का कचरतो?

पत्राचं म्हणाल तर मेसेजमध्ये ना त्याची तारीख आहे, ना सही, ना फोटो. हीच गोष्ट गाव बदलून इतर जुन्या पुलांच्या नावानेही फिरते. आणि दगडी पूल अमुक तारखेला बाद होत नाही. तो किती टिकणार, हे पाया, दरजा (दगडांमधले सांधे) आणि वरची वाहतूक बघूनच सांगता येतं.

आता देखभाल. कमानीत भार दगडावर दगड दाबत खाली उतरतो, गंजायला लोखंड नसतं, म्हणून असे पूल दीर्घायुषी असतात हे खरंच. पण दरजांतला चुना पाण्याने झिजतो. कमानीखाली उभं राहून वर बघा : पांढरे ओघळ दिसले तर रस्त्यावरचं पाणी आत मुरून चुना घेऊन बाहेर येतंय. बहुतेक वेळा कारण साधं असतं, पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात. दरजेत पिंपळ रुजला की तो वरवर छाटून भागत नाही, मूळ आत फुगत जातं आणि दगड सरकतो. दरजा वरून नुसत्या सिमेंटने लिंपल्या तर ओल आतच कोंडते.

खरी भीती पाण्याखाली असते. आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. असा पूर खांबाच्या पायथ्याची माती खरवडून नेतो आणि ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ सोडतो. वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं. त्या सैल गाळाला आधार म्हणत नाहीत.

‘आजवर टिकला म्हणजे पुढेही टिकेल’ म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात गेला, सोबत दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसं गेली. तोही दगडीच होता.

मेसेज पुढे ढकलण्याऐवजी पूर ओसरल्यावर सार्वजनिक बांधकाम विभागाला एवढंच विचारा : पाण्याखालच्या पायाची तपासणी शेवटची कधी झाली, आणि अहवाल कुठे बघायला मिळेल? माहिती अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात.