भेदभाव नको म्हणता, मग भेदभाव कशाला म्हणायचं ते लिहा

आज आमच्या सरकारी कार्यालयात 'विविधता आणि समावेशन' धोरणाचं प्रशिक्षण झालं. इतक्या पानांच्या धोरणात धर्माबद्दल एकच ओळ : 'धर्माच्या आधारे भेदभाव केला जाणार नाही.' मी विचारलं, भेदभाव म्हणजे नेमकं काय धरायचं? तर उत्तर मिळालं, "मॅडम, ते सगळ्यांना कळतंच की." तेव्हापासून डोकं तापलंय.

नाही कळत! माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुस्लिम सहकारी बसते. कुठे स्फोटाची बातमी आली की कुणीतरी हसत तिला विचारतं, "काय, तुमच्या लोकांचं काय म्हणणं?" विचारणाऱ्याच्या मते ही थट्टा. तिने तक्रार करायची तर काय म्हणून? पगार वेळेवर होतो, बढतीही अडलेली नाही.

संविधानाचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. पण रोजचं हे टोचणं त्यात कसं बसवायचं, ते खालच्या धोरणानेच सांगायला हवं ना? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघा. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, सगळं नाव घेऊन लिहिलंय. म्हणून बाई समितीसमोर बोट ठेवून सांगू शकते. आपल्याच राज्याच्या 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तर बहिष्कार कशाकशाला म्हणायचं याची यादीच आहे. मग इथेच हात का आखडतो?

व्याख्येच्या आडून उद्या धर्मचिकित्सा बंद पाडतील, ही भीती मान्य. फुले-आगरकरांच्या महाराष्ट्राला ते परवडणार नाही. मग तेही लिहा! ग्रंथावर, रूढीवर, बुवाबाजीवर टीका म्हणजे भेदभाव नव्हे. धर्मावरून माणसाला संशयित ठरवणं, त्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडणं, आडनाव बघून कामं वाटणं, हा भेदभाव. कपाळावरच्या गंधावरून कुणाला हिणवणं, तोही.

तो प्रश्न विचारणाऱ्यांतले एक गृहस्थ तिच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री रक्त द्यायला धावले होते. हे लिहिताना माझा आवाज जरा खाली येतो. त्यांना शिक्षा व्हावी असं मला वाटत नाही, तिलाही नाही. पण ते वाक्य बोलायचं नसतं, हे त्यांना कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं, आणि ते काम तिचं नव्हतं.

प्रशिक्षणात ती गप्प होती. नंतर मला म्हणाली, "ताई, मी बोलले तर उद्यापासून सगळे माझ्यासमोर जपून बोलतील. मग मी अजूनच एकटी पडेन." आणि म्हणे सगळ्यांना कळतं!

सोमवारी मी समितीला लेखी मसुदा देणार आहे, तिचं नाव न घेता. तुमच्या कार्यालयातल्या धोरणात धार्मिक भेदभावाची नीट व्याख्या असेल, तर तो मजकूर मला इनबॉक्समध्ये पाठवा. रविवार रात्रीपर्यंत मिळाला तर फार बरं होईल.