भाडं बुडालं तरी पूर्ण टॅक्स? हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. ती वर्तकनगरला राहते आणि घोडबंदर रोडला कासारवडवलीत तिचा एक वन-बीएचके आहे. २०,००० रुपये भाडं. भाडेकरू मुलाची नोकरी गेली, नोव्हेंबरपासून भाडं थांबलं आणि मार्चअखेर तो घर सोडून गेला. आत्या म्हणाली, "अरे, ग्रुपवर आलंय, यंदा रिटर्नमध्ये फ्लॅट रिकामा दाखवायचा." मेसेज वाचला आणि डोकं फिरलं. ठाण्यातल्या निम्म्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तो फिरत असावा, कारण ऐरोलीच्या मित्राकडूनही मला तोच आला.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: भाडेकरूने भाडं बुडवलं तरी करारातल्या पूर्ण भाड्यावर टॅक्स लागतो, सुटका नाही. म्हणून करार रजिस्टर करू नका, भाडं रोख घ्या. थकलं असेल तर फ्लॅट रिकामा दाखवा. थकबाकी पुढे कधी मिळालीच तर ती टॅक्स-फ्री. आणि भाडं बंद झालं की होमलोनच्या व्याजाची वजावटही बंद.

"सुटका नाही" हे पहिलंच वाक्य चूक आहे. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की मालकाला वसूल करता न आलेलं भाडं मिळालेल्या किंवा येणे असलेल्या भाड्यात धरायचं नाही. त्याच्या अटी १९६२च्या आयकर नियमांतल्या नियम ४ मध्ये आहेत, आणि त्या चारच आहेत. भाडेकरार खरा असावा. थकवणाऱ्याने जागा सोडलेली असावी, किंवा त्याला बाहेर काढण्यासाठी पावलं उचललेली असावीत. तो तुमच्याच दुसऱ्या जागेत राहत नसावा. आणि वसुलीसाठी कोर्टात जाण्याची वाजवी पावलं तुम्ही उचललेली असावीत, नाहीतर दावा करून काही हाती लागणार नाही हे आयकर अधिकाऱ्याला पटवून देता आलं पाहिजे. ही शेवटची सोय लोक वाचतच नाहीत. बेकार होऊन गावी गेलेल्या पोरावर वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. आयटीआर-२ मध्ये घराच्या तक्त्यात वसूल न झालेल्या भाड्यासाठी स्वतंत्र रकाना आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यातही ही तरतूद ठेवलेली आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा.

आत्याचाच हिशोब बघा. वर्षाचं भाडं २,४०,०००. पाच महिन्यांचे १,००,००० थकले. त्यातले ६०,००० तिने डिपॉझिटमधून वळते केले. तेवढं भाडं तिला मिळालंच, ते बुडीत धरता येत नाही. उरले ४०,०००. ते वगळून राहिलेल्या २,००,००० मधून तिने भरलेली ठाणे महापालिकेची घरपट्टी, समजा ८,००० रुपये, वजा केली की १,९२,००० राहतात. त्यातून ३० टक्के सरसकट वजावट म्हणजे ५७,६००. करपात्र रक्कम १,३४,४००. सवलत घेतली नसती तर हीच रक्कम १,६२,४०० झाली असती. आणि तिचं पेन्शन धरूनही एकूण उत्पन्न १२ लाखांच्या बरंच आत आहे, त्यामुळे २०२५-२६ साठी नव्या कररचनेत तिला कर शून्यच येतो. जो कर लागणारच नाही त्याच्या भीतीने ही बाई खोटं रिटर्न भरायला निघाली होती. माझा राग त्याचाच आहे.

मेसेज बनवणाऱ्याला एक गोष्ट मात्र द्यावी लागेल. कायदा नुसतं हातात पडलेलं भाडं बघत नाही, त्या भागात तशी जागा साधारण किती भाड्याने जाईल तेही बघतो. बुडालेलं भाडं वगळल्यावर उरलेली रक्कम या अपेक्षित भाड्यापेक्षा कमी पडली तर काय धरायचं, यावर सीए मंडळींत दोन मतं आहेत. रिटर्नचा फॉर्म ते सरळ वजा करू देतो, कलमाचा काटेकोर अर्थ लावणारे अपेक्षित भाडं धरतात. थकबाकी मोठी असेल तर सीएला विचारूनच आकडा टाका. पण सवलत पूर्ण मिळेल की कमी हा वाद वेगळा आणि "सुटका नाही" हे वेगळं.

आता सगळ्यात घातक सल्ला: करार रजिस्टर करू नका, रोख घ्या. नियम ४ ची पहिलीच अट खऱ्या भाडेकराराची आहे. करार नाही आणि बँकेत नोंद नाही, तर भाडं किती ठरलं होतं, कधीपर्यंत आलं आणि कधी थांबलं हे दाखवणार कशाने? शिवाय १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा म्हणतं, आणि ती जबाबदारी मालकावर टाकतं. ती टाळली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलत नसेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथेही पहिल्यांदा लेखी करारच दाखवावा लागतो. थोडक्यात, भाडं बुडाल्यावर मालकाला वाचवणारा एकमेव कागद हा मेसेज आधीच फाडून टाकायला सांगतो.

फ्लॅट रिकामा दाखवण्याचं तर नावच काढू नका. रिकाम्या जागेची सवलत खरोखर रिकाम्या जागेला आहे. आत्याच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात "नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस" अशी ओळ दर तिमाहीला छापून आली आहे, आणि ती फ्लॅट भाड्याने दिला म्हणूनच येते. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली असते. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याची सूट घेणारा भाडेकरू वर्षाला १ लाखाच्या वर भाडं दाखवत असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन देतो. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवलं असं ठरलं तर आयकर कायद्याच्या कलम २७०ए खाली त्यावरच्या कराच्या २०० टक्के दंड आहे.

"थकबाकी टॅक्स-फ्री" हे साफ खोटं. १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २५ए नुसार ती ज्या वर्षी हातात येईल त्या वर्षी करपात्र होते, ३० टक्के वजा करून. मधल्या काळात फ्लॅट विकला असला तरीही.

व्याजाचं म्हणाल तर भाडं थांबलं म्हणून वजावट थांबत नाही. जुन्या रचनेत व्याज वजा केल्यावर येणारा घराचा तोटा वर्षाला २ लाखांपर्यंत पगारातून वळता होतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. नव्या रचनेत मात्र तो पगारातून वळता करता येत नाही, एवढाच काय तो त्या मुद्द्यात जीव.

आत्याला मी भाडेकरूच्या गावच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने मागणीची नोटीस पाठवायला लावली आहे. ट्रॅकिंगचा कागद, करार, बँकेचं स्टेटमेंट आणि "नोकरी गेली, थोडी मुदत द्या" हे त्याचं व्हॉट्सअ‍ॅप, सगळं एका फाईलमध्ये लावलंय. ज्यांचं भाडं थकलंय त्यांनी रिटर्न भरण्याआधी अशीच फाईल करा, आणि हा मेसेज कुणाला पाठवला असेल तर त्यांना नियम ४ वाचायला सांगा.