सोंडेचा कप

काका युरोप बघून आले आणि आमच्या घराची तब्येत सुधारायला घेतली गेली.

परदेशाहून आलेला नातेवाईक चॉकलेटं देतो, दोनेकशे फोटो दाखवतो आणि जेवून जातो. एवढं आम्ही गोव्यातल्या फोंड्याची माणसं हसतमुखाने सोसतो. काकांनी मात्र पॅरिस आणि रोम चहा निवायच्या आत उरकलं, चेक देशातल्या कार्लोवी वारी नावाच्या गरम झऱ्यांच्या गावात शिरले, आणि तिथून काही केल्या बाहेर पडेनात. त्यात काकी डिचोलीला माहेरी गेलेल्या, म्हणून मुक्काम आमच्याकडेच.

गावाची कुळकथा अशी. चौथा चार्ल्स राजा शिकारीला गेला असताना त्याचा कुत्रा हरणामागे धावता धावता कढत डबक्यात पडला. तो केकाटला आणि झऱ्याचा शोध लागला. ही दंतकथा. राजाने १३७० साली गावाला शहराचे हक्क दिले, हे मात्र कागदोपत्री आहे. कुत्र्याला काय मिळालं ते कोणीच लिहून ठेवलेलं नाही.

"मुख्य झरा बारा मीटर उंच उडतो. पाणी ७३ अंश. मिनिटाला दोन हजार लिटर!" काका म्हणाले.

खोलीत शांतता पसरली. आमच्या नळाला पहाटे करंगळीएवढी धार येते आणि घागर भरायच्या आत जाते. दोन हजार लिटर ऐकून बायकोचा चेहरा असा झाला, की मी फोटो पुढे सरकवला. पुढचा फोटो १८८१ साली पुरा झालेल्या खांबांच्या लांबलचक मंडपाचा होता. एकशे चोवीस खांब. काकांनी ते वेगवेगळ्या बाजूंनी टिपले होते. आम्ही सगळे पाहिले.

काका जन्मभर युनियनवाले, त्यामुळे तिथे कार्ल मार्क्स येऊन गेला याचं त्यांना भारी अप्रूप. यकृताच्या दुखण्यासाठी तो १८७४ पासून ओळीने तीन उन्हाळे आला. पहिल्या खेपेला पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून पाहुण्यांच्या वहीत त्याने नाव घातलं, 'चार्ल्स मार्क्स, खासगी सद्गृहस्थ, लंडन'. सद्गृहस्थ म्हटल्यावर नगरपालिकेने कर दुप्पट लावला. मला तर त्याच्या सगळ्या चरित्रात हाच प्रसंग सर्वांत आपला वाटतो.

इथवर ठीक होतं. मग काकांनी बॅगेतून कप काढला.

चिनी मातीचा, चपटा, निळ्या फुलांचा. त्याचा कान आतून पोकळ, वर तोंड उघडं. कानाला ओठ लावून घोट घोट ओढायचं. क्षारांचं पाणी दातांना कमीत कमी लागावं म्हणून ही सोय. सोबत तिथल्या क्षाराच्या भुकटीचा डबा. नियम असा, की अनशापोटी, सावकाश चालत, घोटभर, थांबून, पुन्हा घोटभर. मग अर्ध्या तासाने नाश्ता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सगळं घर अंगणात फेऱ्या मारत होतं. कप एकच, म्हणून बाकीच्यांच्या हातात स्टीलचे पेले. गेटाशी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंगा वाजवून थांबला, उंडे आणि पोळे हे पाव मोजून दिले, आणि काही न विचारता निघून गेला. त्याने वाटेत कुठे कुठे सांगितलं, ते दुपारपर्यंत आलेल्या फोनांवरून कळलं.

त्या भुकटीतला मुख्य माल सोडियम सल्फेट. जुने डॉक्टर तो कोठा साफ करायला देत. ही माहिती काकांनी सांगितली, पण पिऊन झाल्यावर. आमच्या घरात संडास एक आणि माणसं सहा. पुढल्या दोन तासांत वडीलधाऱ्यांचा मान, लहानांचे लाड, कोणाला कोर्टात पोचायचंय, कोणाची परीक्षा आहे, हे सगळे हिशेब त्या एका दारासमोर मिटले. चिरंजीव तर "मी आधी नंबर लावला होता" म्हणत दाराला टेकूनच उभे.

एकटी आजी सोप्यावर निवांत पेज जेवत होती. "तुझें तें उदक म्हाका नाका," असं तिने आदल्या रात्रीच सांगून टाकलेलं. तिचा राग वेगळाच. गुडघ्यांसाठी केसरवाळच्या झरीवर न्यायला ती काकांना वर्षानुवर्षं सांगत होती, आणि "झरीच्या पाण्याने कधी गुडघे बरे होतात काय?" म्हणून काका हसत होते. मे महिन्यात लोक खारं न्हाण घ्यायला दर्यावर जातात, त्यालाही हसत होते. आता लाखभर खर्चून तेच करून आले! "थंय झर म्हणटकच बरें जाता?" म्हणजे तिथला झरा म्हटला की लगेच बरं होतं का, असं तिने विचारलं. उत्तर द्यायला काका तिथे नव्हते. त्यांचा नंबर लागला होता.

संध्याकाळी तह म्हणून काकांनी बेखेरोव्काची बाटली फोडली. जडीबुटीची दारू, १८०७ पासूनची. पिण्याचे झरे बारा, आणि ही तेरावी झर, असं तिथले लोक म्हणतात. लवंग-दालचिनीचा वास. या झरीला चालत प्यायचा नियम नाही, म्हणून आम्ही बसूनच घेतली. आजीने बूच हुंगून "फेणी बरी" असा निकाल दिला.

मग काकांनी खुशखबर सांगितली. युनेस्कोने २०२१ साली युरोपातली अशी अकरा गावं जागतिक वारशात घेतली आहेत. सात देशांत पसरलेली. त्यांतलं त्यांचं एकच झालंय. पुढच्या वर्षी इंग्लंडमधलं बाथ, मग जर्मनीतलं बाडेन-बाडेन.

दुसऱ्या संडासासाठी आम्ही गवंड्याला बोलावलंय. चतुर्थीच्या आत करून देतो म्हणाला.