दहा मिनिटांच्या बोलण्यावर बहिणी कशा निवडणार?

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठातून नटूनथटून निघालेल्या मुलींचे व्हिडिओ फोनवर दिसू लागतात आणि आपल्याकडची मंडळी ‘अमेरिकन थेरं’ म्हणून ते पुढे सरकवतात. २०२१ साली टिकटॉकमुळे जगभर गाजलेल्या या प्रकाराला ‘रश’ म्हणतात. तेथील सोरोरिटी, म्हणजे विद्यार्थिनींची भगिनीमंडळे, या काळात नव्या सदस्या निवडतात. टीकेचा सगळा रोख कपड्यांवर आणि दागिन्यांवर असतो. मला मात्र खरी अडचण संख्येची आणि घाईची वाटते. कपड्यांचे अवडंबर हा तिचाच परिणाम आहे.

हे विद्यापीठ असलेल्या टस्कलूसा शहरात अलीकडे एका हंगामात अडीच हजारांच्या आसपास मुली नाव नोंदवतात. वर्ग सुरू होण्याआधीच, दक्षिणेकडच्या दमट उकाड्यात, त्या एकेका सोरोरिटीच्या घरापुढे रांगेत उभ्या राहतात. दार उघडते, आतल्या मुली टाळ्यांच्या ठेक्यावर एका सुरात घोषणा देतात, एक सदस्या पाहुणीला आत नेते, आणि गाव, शाळा, विषय एवढे बोलून होते न होते तोच दुसरी येऊन संभाषणाचा ताबा घेते. फेरी संपली की त्या तेवढ्याशा बोलण्यावर मुलीचे मूल्यमापन होते. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाआधी निदान दोन्ही बाजूंची चौकशी तरी झालेली असते. इथे स्वभाव कळायला वेळच नसतो. कळते ती वेशभूषा, बोलण्यातील सफाई आणि ओळखीपाळखी. साहजिकच, जिची आई किंवा बहीण याच वाटेने गेली आहे, तिला काय बोलावे हे आधीच ठाऊक असते.

या पद्धतीला अधिकृतपणे ‘परस्पर निवड’ म्हटले जाते. मुलीही घरांचा, म्हणजे सोरोरिटींचा, पसंतीक्रम लावतात, हे खरे. परंतु कोणत्या घराने कितीजणींना पुढच्या फेरीला बोलवायचे, हे मागील वर्षांच्या आकडेवारीवरून ठरते, आणि मागणी जास्त असलेल्या घरांना सुरुवातीलाच मोठी काटछाट करावी लागते. खोटी आशा लवकर संपावी, हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. पण एखादीची यादी एका रात्रीत आखूड होते आणि कारण मात्र कोणीही सांगत नाही. मग अठरा वर्षांची मुलगी स्वतःमध्येच खोट शोधू लागते.

या मौनाआड काय दडू शकते, ते २०१३ साली उघड झाले. त्याच्या पन्नास वर्षे आधी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस ज्या विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते, त्याच अलाबामा विद्यापीठात गुणवत्ता असलेल्या कृष्णवर्णीय मुलींना माजी सदस्यांच्या दबावामुळे वगळले गेल्याचे काही सदस्या मुलींनीच सांगितले. ‘क्रिमसन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने ते छापले आणि तत्कालीन अध्यक्षा ज्युडी बॉनर यांना सोरोरिटींची प्रवेशप्रक्रिया पुन्हा खुली करायला लावावी लागली. बातमी छापली गेली नसती, तर त्या मुलींनाही ‘जमले नाही’ एवढेच कळले असते.

अमेरिकेतील मराठी घरांतल्या मुलींपुढे आणखी एक पर्याय आहे. १९९८ मध्ये टेक्सासमध्ये दक्षिण आशियाई विद्यार्थिनींनी स्वतःच्या सोरोरिटी काढल्या. त्यांचे मला कौतुक आहे. पण तो पर्याय आहे म्हणून मोठ्या घरांची दारे कशी उघडतात, हा प्रश्न सुटत नाही.

शेवटच्या फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. त्यात पसंती दिलेल्या घराने बोलावले आणि तिने नकार दिला, तर त्या विद्यापीठातील पॅनहेलेनिक गटाच्या, म्हणजे ही निवड एकत्र चालवणाऱ्या सोरोरिटींच्या संघातल्या, दुसऱ्या सोरोरिटीत तिला पुढील प्रवेशहंगामापर्यंत जाता येत नाही. एकाही वर्गात न बसलेल्या मुलीने वर्षभराचे बंधन आणि हजारो डॉलरची वर्गणी अशा घाईत का स्वीकारावी? व्हँडरबिल्ट आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत नव्या विद्यार्थिनींसाठी ही प्रक्रिया पहिले सत्र संपल्यानंतर, हिवाळ्यात होते. तोवर मुलींना वसतिगृहातल्या मैत्रिणी मिळालेल्या असतात, घरांचा बरावाईट लौकिक कानावर आलेला असतो, आणि नकार आला तरी रात्री परतायला ओळखीची खोली असते. घरे वेळेत भरली नाहीत तर खर्च कसा भागवायचा, असा यावरचा आक्षेप ऐकू येतो. तो हिशेब त्या घरांनी सोडवावा, नव्या मुलींच्या पहिल्या आठवड्यावर त्याचा भार टाकू नये.