लाखर झे तळ्यातले बुडबुडे: खुलासा

‘जर्मनीतल्या लाखर झे तळ्याचं पाणी उकळतंय, ज्वालामुखी फुटणार’ असा व्हिडिओ फिरतोय. पाणी उकळत नाही. पूर्वेच्या काठाशी दिसतात ते तळातून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे, आणि ते नवे नाहीत.

हे तळं आयफेल भागातल्या एका ज्वालामुखीच्या विवरात आहे. तो ज्वालामुखी सुमारे १३,००० वर्षांपूर्वी फुटला. तो निद्रिस्त आहे, मृत नाही, एवढं खरं. २०१९ मध्ये संशोधकांनी त्याच्याखाली १० ते ४० किलोमीटर खोलीवरचे सूक्ष्म भूकंप नोंदवले. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, हलत असावा याची ती खूण. पण नजीकच्या काळात उद्रेकाची चिन्हं नाहीत, हेही त्यांनीच स्पष्ट सांगितलं. मेसेजमध्ये नेमकं तेवढंच गाळलंय.

मुलंबाळं तिकडे असलेले आईवडील उगाच घाबरतात. कृपया तो व्हिडिओ पुढे पाठवू नका. आला असेल तिथे हा खुलासा टाका.